अंगोरा म्हणून दिलेला ससा

भावाने चारोटीच्या नाक्यावरून ससा आणला, तेव्हा आईला अर्धांगवायूचा झटका येऊन पाच महिने झाले होते. "तिला तेवढीच सोबत," असं म्हणून तो मुंबईला परत गेला. विकणाऱ्याने ससा अंगोरा म्हणून दिला होता. अंगोरा म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं आणि विचारायचं त्राणही नव्हतं. तलासरीच्या शाळेत शिकवायचं, तिथून नरपडला घरी, मग आईचं सगळं. त्यात आता ससा.

आईला मात्र तो आवडला. जन्मभर मासळी विकलेला तिचा उजवा हात अजून चालत होता. त्या हाताने ती दिवसभर त्याला कुरवाळायची. ससा फुगत गेला. बघणारे म्हणायचे, चांगला पोसलाय. मलाही तसंच वाटायचं.

उन्हं तापायला लागली आणि त्याने खाणं सोडलं. दोन दिवस मी लक्षच दिलं नाही, हे खरं आहे. तिसऱ्या दिवशी आईने माझं मनगट धरलं. "बाय, तो जेवत नाय."

अर्धी रजा टाकली आणि त्याला भाजीच्या टोपलीत घालून डहाणूला गुरांच्या दवाखान्यात नेलं.

"जात कोणती?" डॉक्टरांनी विचारलं.

"अंगोरा म्हणून दिलाय."

त्यांनी कान चाचपले. "शुद्ध नाही. शुद्ध अंगोराच्या कानांना टोकाशी झुपके असतात. हा मिश्र आहे. पण लोकर अंगोराचीच. शेवटची कधी कातरली?"

"कातरायची असते?"

ते रागावले नाहीत. अंग चाटताना लोकर पोटात जाते, आतडं तुंबतं, असं शांतपणे सांगितलं. औषध दिलं, भरपूर गवत घालायला सांगितलं. मला तिथेच रडू आलं. सशासाठी नसावं बहुधा.

घरी येऊन कात्री घेतली. आईने एका हाताने त्याला मांडीवर धरून ठेवलं, मी कातरत गेले. गुंता पार कातडीपर्यंत गेला होता. लोकरीखालून निघाला तो केवढासा, बरगड्या हाताला लागणारा.

"उपाशीच होता काय गो?" आई म्हणाली.

"आपल्याला कळलं नाही, आई."

दुसऱ्या दिवशी त्याने गवताला तोंड लावलं. भावाला फोन करून सांगितलं, अंगोरा नाही, मिश्र आहे.

"म्हणजे फसवलं आपल्याला," तो म्हणाला.

मी म्हटलं, रविवारी ये, एक दिवस तरी आईजवळ बस. बघतो म्हणाला.

तो रविवार गेला, पुढचाही. आता दर दोन महिन्यांनी लोकर कातरते. आई धरते.