रांगेतला पोरगा

वेषांतराच्या कादंबऱ्या म्हणजे माझा जीव. अकोल्यात जठारपेठेतल्या वाचनालयातून मी रोज एक आणायचे: लाकूडतोड्या झालेला राजपुत्र, मिशा लावून फिरणारी गुप्तहेर पोरगी. मिशा चिकटवल्या की सख्खी आईसुद्धा ओळखत नाही, हे मला शंभर टक्के पटायचं.

पुढे अमरावतीला कॉलेजसाठी होस्टेलात राहिले, तर तिथे नवलच. मेसमधल्या पेपरांच्या गठ्ठ्यात एक वही सापडली. डाव्या हातानं लिहिल्यासारखं वेडंवाकडं अक्षर, नाव नाही, आणि आत चक्क कादंबरी. दर सोमवारी नवं प्रकरण. बापाचा पाय मोडलेला, भाऊ नाही, म्हणून एक पोरगी केस कापून, शर्टपँट घालून कापसाची बैलगाडी खरेदी केंद्रावर नेते. तिथली रांग तीन-तीन दिवस हलत नाही आणि रांगेत सगळे बाप्ये. ती वर्षंच तशी. पेपरात आमच्या वऱ्हाडातल्या शेतीचं रोज काहीतरी वाईटच यायचं. आम्ही पेपर बाजूला सारून वही ओढायचो. अन् काय लिहायची हो! बांगड्या उतरवल्यावर मनगटावर गोरे पट्टे राहतात, म्हणून ती त्यांवर काळी माती चोळते. वाचून माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या कादंबऱ्या वाचल्या, पण हे कुणालाच सुचलं नव्हतं.

मी पडले तोंडाची फाटकी. जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं की रविवारपर्यंत ही लेखिका धरून आणते.

शनिवारी माझी रूममेट कपडे धूत होती. दर्यापूरकडची, मुलखाची मुकी. दिवाळीनंतर केस कापून आली होती, टायफॉइडनं गळले म्हणे. नेहमीच्या लांब बाह्या आज वर सारलेल्या, आणि मनगटांवर गोरे पट्टे.

"लिहिणारीबी तूच, अन् रांगेतलीबी तूच?" मी विचारलं.

तिनं आधी दार लावलं. "अजून एक गाडी जायची हाये. गावात बोभाटा झाला तं बाबा मले शिकू देनार नाईत. कोनाले सांगू नोको."

माझे सगळे राजपुत्र तिच्यापुढे पाणी भरत होते.

रविवारी पोरींनी मला घेरलं. नाही सापडली बुवा, म्हणून मी हात वर केले. महिनाभर त्यांनी मला 'गुप्तहेरबाई' म्हणून पिडलं. जळफळाट झाला, पण गिळला.

दुसरी गाडी विकल्यावर शेवटचं प्रकरण आलं. रांगेत तिच्या मागच्या गाडीवरचा म्हातारा तीन दिवस तिला 'पोरा, पोरा' म्हणत असतो. कापूस मोजून झाल्यावर तो तिच्या हातात भाकर देतो आणि हळूच म्हणतो, "जाय माय, नीट घरी जाय."

मी भडकलेच. हे तू मनचं लिहिलंस, म्हटलं, ओळखलं असतं तर पहिल्याच दिवशी बोंब झाली असती.

तिनं माझ्या हातातली वही घेऊन मिटली.

"पह्यल्याच दिवशी ओळखलं होतं समद्यायनं," ती म्हणाली. "मलेच शेवटी समजलं. तो म्हातारा धरून आमच्या गावचे चौघं होते रांगेत. माह्या गाडीच्या मांगंपुढं त्यायनं आपल्याच गाड्या लावल्या. गावात आजपावतर कोनी बोललं नाई."