मेणबत्तीसमोरचं इंग्रजी

इंग्लंडात इंग्रजी कधी बिघडलंच, तर ते दुरुस्तीला कोल्हापूरलाच पाठवावं लागेल, याबद्दल आमच्या मामेसासऱ्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. स्वतः ते बेळगावच्या पलीकडे गेले नव्हते. घरची गुळाची अडत थोरल्या भावावर सोडून त्यांनी नव्वद सालच्या सुमारास तिच्याच माडीवर इंग्रजी उच्चारांचा क्लास काढला. खाली ढेपांवर माशा घोंगावायच्या आणि वर आजरा, गडमुडशिंगीकडची मुलं ओठांचा चंबू करून बसायची. प्रत्येकाच्या तोंडासमोर पेटती मेणबत्ती. इंग्रजी 'प' म्हणताना ज्योत हलली तर उच्चार शुद्ध, नाही हलली तर गावठी. पण कोल्हापुरी छात्या त्या. ज्योत हलायची कसली, थेट विझायची. थोरले भाऊ खालून ओरडायचे, "काय रं, रोजच वाढदिवस हाय व्हय वर?"

मामांनी हे इंग्रजी पहाटे रेडिओला कान लावून, लंडनच्या बातम्यांवरून उचललं होतं. शॉर्टवेव्हचं स्टेशन येतं-जातं. त्यामुळे मामांचंही वाक्य दणक्यात सुरू व्हायचं, मध्येच विहिरीत पडल्यासारखं खोल जायचं आणि शेवटाला पुन्हा वर यायचं. हा इंग्रजांचा खानदानी हेल आहे, अशी त्यांची समजूत. मी एकदा भीत भीत म्हणालो, "मामा, तो रेडिओचा दोष असेल." त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "जावईबापू, रेडिओ जपानी आहे. त्यात दोष नसतो." पुढे वर्षानुवर्षे मुलं तो हेल घेऊन बाहेर पडली. त्यातला एक शाहूवाडीकडे मास्तर झाला. त्याच्या वर्गातल्या मागच्या बाकांना निम्मंच इंग्रजी येतं म्हणतात.

घरात 'हाय-न्हाय'ला बंदी होती. मामींनी त्यावर साधा उपाय काढला; त्या माहेरची कानडी बोलू लागल्या. कोंडी झाली ती एकुलत्या एका मुलीची, गिरिजाची. तिने वडिलांना 'आप्पा' म्हणायचं नाही, ज्योत हलवून 'पपा' म्हणायचं. पुढे कॉल सेंटरं आली, गल्लोगल्ली अमेरिकन इंग्रजीचे क्लास निघाले आणि मामांच्या माडीवर नुसत्या मेणबत्त्या उरल्या. आता त्यांची सगळी अब्रू गिरिजाच्या जिभेवर होती. तिला पुण्यात कॉल सेंटरची नोकरी लागली, तेव्हा मामांनी थोरल्या भावाच्या तोंडात स्वतःच्या हाताने पेढा कोंबला.

पेढे संपायच्या आत बातमी आली. गिरिजाचं वाक्य मध्येच खोल गेलं, की पलीकडचा अमेरिकन माणूस लाइन खराब आहे असं समजून फोन ठेवून द्यायचा. साहेबाने सांगितलं, हेल सोड नाहीतर नोकरी सोड. तिने हेल सोडला. "त्या अमेरिकनांच्या पायी बापाचा आवाज टाकलास!" एवढं बोलून मामांनी लेकीशी अबोला धरला. तिचा फोन आला, की रिसीव्हर मामींच्या हातात देऊन ते माडीवर जात आणि रिकाम्या क्लासात बसून राहत. असे कित्येक महिने गेले.

एकदा मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. लोडशेडिंग होतं, म्हणून फोनजवळ क्लासातलीच एक मेणबत्ती लावलेली. गिरिजाच्या नेहमीच्या वेळेला फोन वाजला. मामींचे हात भाकरीच्या पिठात. "एवढी मड्डम झाली, तरी पोरगी तुमचीच हाय की वो. घ्या," त्या आतून म्हणाल्या, मराठीत, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मामांनी रिसीव्हर कानाला लावला. गिरिजाचा आवाज मला शेजारच्या पलंगावर बसल्या जागी ऐकू आला. त्यात लंडन नव्हतं आणि अमेरिकाही नव्हती.

"आप्पा, फोन ठिवू नगासा. जेवलासा का?"

मामांनी दुरुस्ती करायला तोंड उघडलं. मी सवयीने ज्योतीकडे पाहू लागलो.

"न्हाय गं अजून," मामा म्हणाले. "पोरी, तू पुण्यात पोटभर..."

इतके 'प' समोरून गेले, पण ज्योत जागची हलली नाही. मामांचं तिकडे लक्षही नव्हतं. वाक्य मध्येच विहिरीत पडल्यासारखं खोल गेलं आणि बराच वेळ वर आलं नाही.

पलीकडे गिरिजा होती. तिला ती लाइन ओळखीची होती. तिने फोन ठेवला नाही.