भरल्या पोटी धरणे

वांग्याच्या भाजीत मीठ घालायला मी जन्मात एकदाच विसरले, आणि ती भाजी घरातल्या कोणी चाखायच्या आधी सावकाराच्या माणसाने खाल्ली. (एकदाच नव्हे, असे माझ्या नातसुना म्हणतात. त्यांनी आधी माझ्या वयाचे व्हावे, मग बोलावे.)

तेव्हा मी दर्यापूरजवळच्या सासरी नुकतीच नांदायला आले होते. वयाने लहान, अंगाने किरकोळ आणि स्वतःच्या हुशारीबद्दल पुरती निःशंक. दिवस कापसाचे होते. साता समुद्रापलीकडे कोणी दोघे भांडत होते म्हणे. त्यांचा कापूस तिकडे अडला आणि त्यांच्या भांडणाचे पैसे इकडे आमच्या गावात येऊन पडू लागले. कालपर्यंत ज्याच्या धोतराला ठिगळ होते तो अमरावतीहून जरीकाठाचे पागोटे बांधून येई आणि ओळख देत नसे. आमच्या शेजारच्या एका गृहस्थाने तर गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. पहिल्याच नाल्यात त्या चेपल्या, आणि मग गडी गाडी हाकतो आहे, मालक मागून मान खाली घालून चांदीचे तुकडे वेचतो आहे, असा सोहळा गावाने पुष्कळ दिवस पाहिला.

कापसाला भाव चढला तशी मेलेली कर्जेही उठून बसली. अकोल्याच्या जुन्या शहरात एक सावकार होता. म्हातारा जिवंत होता तोवर कोणाला त्रास नव्हता. तो गेला, आणि बापाने कधीच मिटवलेली देणी मुलाला एकाएकी आठवू लागली. आमच्याकडे त्याने आठवलेले कर्ज माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामंजींच्या, आजोबांनी बैलजोडीसाठी काढलेले होते. मामंजी म्हणत, ते ज्वारी घालून फिटले, चार माणसांदेखत फिटले. पण ती चारही माणसे गेली, आजोबा गेले, बैल तर त्यांच्याही आधी गेले. कर्ज तेवढे हयात!

अशा कर्जासाठी सावकार कचेरीत जात नसे, कारण कचेरीत कागद मागतात. तो माणूस पाठवी. तो माणूस येऊन तुमच्या ओट्यावर धरणे धरून बसे. तो जेवणार नाही, पाणी पिणार नाही, आणि दारात उपाशी माणूस बसलेला असताना घरच्यांनी तरी कसे जेवावे? तेव्हा सगळे उपाशी. ज्याचे पोट आधी हार खाईल तो हरला. सरकारने ही गोष्ट बंद केली होती. पण सरकार अमरावतीला होते आणि माणूस ओट्यावर. यातून सुटायची वाट एकच होती. धरणेकऱ्याने त्या घरचे मीठ खाल्ले असेल, तर त्या ओट्यावर बसायचा त्याला हक्क नाही. हे सावकारही मानत, चोरही मानत.

हे सगळे मला नंतर कळले. आधी कळले असते तर लिहायला काही उरलेच नसते.

त्या दिवशी माझ्या नणंदेला, यमुनेला, पाहायला तेल्हाऱ्याहून सोनाजीबुवा यायचे होते. मुलाचे वडील. आतल्या खोलीत त्या हंगामाचा कापूस भरून ठेवला होता, त्यावरच यमुनेचे लग्न उभे राहायचे होते. वेचणी चालू असल्याने सगळे सकाळीच शेतात गेले. दुपारी परतायचे होते. पाहुण्यांचा स्वयंपाक माझ्यावर सोपवताना आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला मसाला किती, तेल किती हे दोनदा सांगितले. मीठ कोणी सांगत नाही. मीठ माणसाला आपसूक आठवते, असा त्यांचा समज होता.

भाकरी थापून होतात न होतात तोच ओट्यावर काठी आपटली. दाराआडून पाहते तर दार भरून उरेल एवढा माणूस, मिशा कानापर्यंत, पायांत करकरणारे जोडे. मामंजींचे नाव घेऊन घर हेच ना, असे त्याने विचारले. मुलाचा बाप असाच भारदस्त असणार, हे मी तत्काळ ठरवून टाकले. पाय धुवायला पाणी दिले, पाट मांडला, पदर हनुवटीपर्यंत ओढून ताट वाढले.

त्याने ताटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, घरात दुसरे कोणी नाही ना ते पाहिले. क्षणभर विचार केला. आणि बसला.

असे जेवण मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतर लग्नाच्या पंगतीतही नाही. भाकरी संपायच्या, मी वाढायची. वांगी संपायची, मी वाढायची. मध्येच त्याने पाणी मागितले, मी मागल्या दारी रांजणाकडे गेले, परत आले तर गडी दुप्पट जोमाने जेवत होता. स्वारी खुशीत दिसली तशी मला वाटले, सोयरीक जवळजवळ जुळलीच. आता घरची सुबत्ता कानावर घालावी. नव्या सुनेने परपुरुषाशी बोलू नये हे मला माहीत होते. मी भिंतीशी बोलले. आमच्याकडे कापूस आढ्याला टेकला आहे, हे भिंतीला सांगितले. मामंजी अमरावतीच्या दलालालाही दाद देत नाहीत, हेही सांगितले. आत्याबाईंची सोन्याची एकदाणी ज्वारीच्या कणगीत तळाशी असते, हे सांगणार होते, पण तेवढ्यात त्याने हात धुतले. (देवाची दया, दुसरे काय!)

मग तो उठून ओट्यावर गेला आणि दाराच्या मधोमध मांडी घालून बसला. पाहुणे वाऱ्याला बसले असावेत, असे मला वाटले.

शेतातून मंडळी आली ती ओट्याच्या पायरीशीच थबकली. त्या माणसाने काठी आडवी टाकली आणि आवाज चढवला.

"भुजंगराव म्हनतात मले. सावकारानं धाडलं. तुमच्या आज्याच्या बैलजोडीचं देनं टाका, नाई तं आतला कापूस गाडीत भरा. गाडी मागून येऊन रायली. तोवर मी अन्नाले शिवनार नाई, तुमीबी नाई."

मामंजी शांतपणे म्हणाले, "कापूस कुठला आमच्याजवळ? औंदा पीक बुडालं."

"आढ्याले टेकला हाय. मले मालूम हाय."

मामंजींनी आत्याबाईंकडे पाहिले, आत्याबाईंनी यमुनेकडे, यमुनेने माझ्याकडे. मी भिंतीकडे पाहिले. भिंत काही बोलली नाही.

आता खरे तर मी तेव्हाच सांगून टाकायला हवे होते की हा माणूस जेवला आहे. पण पाहुण्यांसाठी केलेली भाजी मी कोणाला वाढली हे सांगायचे म्हणजे सासरी पहिल्याच वर्षी नाव निघायचे. शिवाय पातेल्यात तळाला जेमतेम दोन-चार फोडी उरल्या होत्या. मी गप्प राहिले. आणि मग असे दृश्य सुरू झाले की जेवलेला माणूस ओट्यावर उपास करतो आहे आणि उपाशी माणसे मागल्या दाराने घरात येऊन त्याची काळजी करत आहेत. भुकेने सगळ्यांत आधी कोण कळवळले म्हणाल, तर मी. पाहुण्यांच्या आधी जेवायचे नाही म्हणून सकाळपासून मी घासभरही खाल्ले नव्हते. आत्याबाईंनी तर त्याच्याकडे पाहून डोळ्यांना पदरही लावला. कोणाचा का असेना, लेकरू उन्हात उपाशी बसले आहे, म्हणाल्या.

त्या लेकराने त्याच वेळी ढेकर दिली.

साधी नव्हे. गोठ्यातल्या गाईने मान वर केली. आत्याबाईंचा पदर डोळ्यांपाशीच थांबला. उपाशी माणसाला ढेकर कशी येते, असे त्यांनी दारातूनच विचारले. रिकाम्या पोटात वारा धरतो, असे भुजंगरावाने सांगितले. त्या वाऱ्याला लसणाचा वास होता.

एवढ्यात सोनाजीबुवांची दमणी दाराशी आली. खरे सोनाजीबुवा! अंगाने माझ्याहून किरकोळ, मिशी नावापुरती. ओट्यावर तगादेवाला पाहून भावी व्याही पायरीवरून परत फिरणार, यमुनेची सोयरीक मोडणार, हे सगळ्यांना एकदम कळले. मामंजींचा चेहरा पांढरा पडला. पण सोनाजीबुवा परत फिरले नाहीत. ते जवळ आले, वाकून भुजंगरावाचे तोंड न्याहाळले आणि म्हणाले, "हा इथंबी आला का?"

मग कळले की हाच भुजंगराव त्यांच्या ओट्यावरही बसून आला होता. कर्ज असेच, त्यांच्या पणज्याच्या नावाचे, फिटलेले. घरातल्या लहान पोरांचे उपाशी तोंड पाहवेना म्हणून त्यांनी शेवटी पैसे टाकले होते, आणि ते त्यांच्या मनात अजून सलत होते. भुजंगराव कसा न खातापिता दिवसचे दिवस बसतो, माणूस आहे की पिशाच्च, असे ते मामंजींना सांगू लागले.

तेव्हा मात्र माझ्याने राहवेना. मी दाराआडून बोलले. सासऱ्यांसमोर, व्याह्यांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा.

"तो जेवला हाय. मी वाढलं. मले वाटलं, सोनाजीबुवाच हायेत."

सोनाजीबुवांनी एकदा भुजंगरावाच्या देहाकडे पाहिले, एकदा स्वतःच्या. मामंजी मात्र ताठ झाले. "मंग ऊठ," ते भुजंगरावाला म्हणाले. "आमच्या घरचं मीठ खाऊन आमच्याच ओट्यावर बसतं का?"

भुजंगराव हलला नाही. उलट हसला. "जेवलो मी. नाई कोन म्हनते? पन मीठ नाई खाल्लं. तुमच्या सुनेनं भाजीत मीठच नाई टाकलं. चाखून पाहा."

पातेले आले. सोनाजीबुवा तिऱ्हाईत म्हणून त्यांनी फोड तोंडात टाकली. चावली. पुन्हा चावली. मुलीकडचे जेवण पाहुण्याने असे चाखावे, आणि ते असे निघावे! त्यांनी मान हलवली. मग मामंजींनी चाखले, त्यांनीही मान हलवली. आत्याबाईंनी चाखले नाहीच, त्यांनी नुसते माझ्याकडे पाहिले, त्यात सगळे आले. पिठात तर आमच्याकडे मीठ घालतच नाहीत. ठेचा वाढायचाही मी विसरले होते. म्हणजे एवढा माणूस एवढे जेवला, आणि माझ्या हातगुणाने मिठाचा कण त्याच्या पोटात गेला नाही. लांबून सावकाराच्या रिकाम्या गाडीची घुंगरे वाजू लागली. यमुना आत कापसात तोंड खुपसून रडत होती.

आत्याबाई चुलीकडे गेल्या. मला वाटले, माझ्यासाठी फुंकणी आणायला गेल्या. त्या आल्या मिठाचे गाडगे घेऊन. चुलीशेजारच्या कोनाड्यातले. सगळ्यांसमोर त्यांनी ते जमिनीवर ठेवले आणि वरचे झाकण काढले.

पांढऱ्या मिठात पाच बोटे उमटलेली होती. तेलाची, हळदीची, लाल तिखटाची. एकेक बोट केळ्याएवढे.

"हे कोनाचे बोटं?" आत्याबाई म्हणाल्या. "माह्या सुनेचे तं नाई. तिले गाडगं कुठं ठेवलं तेच मालूम नाई, भाजीवरून दिसूनच रायलं."

(माझ्या बाजूने कोणी इतके चांगले बोलले नव्हते, आणि इतके वाईटही.)

मी पाण्याला गेले तेव्हा हा गृहस्थ उठून, परक्याच्या चुलीपर्यंत जाऊन, आपल्या हाताने मूठभर मीठ घेऊन आला होता. भाजी अळणी लागली म्हणून! उपासाला बसायच्या आधी पोट भरून घ्यायची त्याची युक्ती चांगली होती, पण जिभेने दगा दिला. सोनाजीबुवांनी त्याचा उजवा हात धरून पुढे ओढला. बोटे अजून पिवळी होती. मामंजींनी ती एकेक करून गाडग्यातल्या खळग्यांत बसवून पाहिली. बसली.

एव्हाना ओट्याभोवती जमलेल्या शेजाऱ्यांपैकी कोणी हसले नाही, आणि त्यानेच भुजंगराव खचला. तो उठला. जोडे घातले. कापूस न्यायला आलेल्या गाडीत स्वतःच चढून बसला आणि निघून गेला. जाताना माझ्याकडे त्याने जे पाहिले, ते जेवू घालणाऱ्या बाईकडे कोणी पाहू नये असे होते.

सावकाराने पुन्हा माणूस धाडला नाही. कचेरीतही गेला नाही, कागद असता तर गेला असता. सोनाजीबुवांनी मात्र ही हकीकत तेल्हाऱ्यापासून अकोल्यापर्यंत अशी पोचवली की भुजंगराव कुठल्याही ओट्यावर टेकला की घरातली बाई आधी मिठाचे गाडगे उघडून पाही. यमुनेचे लग्न त्याच कापसावर झाले, थाटात झाले. पंगतीला मला भाजीकडे फिरकू दिले नाही.

सोनाजीबुवा त्या दिवशी संध्याकाळी सुपारी फोडून गेले आणि आम्ही सगळे एकदाचे जेवायला बसलो. मी खाली मान घालून बोलणी खायची तयारी ठेवली होती. आत्याबाईंनी मला स्वतः वाढले, शेजारी बसवले आणि एकच गोष्ट समजावून सांगितली. मी मोठ्या जोराने मान हलवली. इतकी वर्षे ती पाळायचा प्रयत्न करते आहे, अजून साधलेले नाही. त्या म्हणाल्या:

"सूनबाई, याच्यापुढं कोनी पाहुना आला तं आदी नाव इचारजो, मंग वाढजो. आन सावकाराचा मानूस असला तं आदी वाढजो, मंग नाव इचारजो."