सोन्याच्या कुऱ्हाडीशिवाय

१८ ऑगस्ट १९५४, सायंकाळी सात. ठाण्यात खोपटला आमच्या चाळीत गणेशोत्सवाच्या नाटकाची तालीम चालू होती. नाटक बसवणारे गृहस्थ दवाखान्यात कंपाउंडर होते. वाक्य कोणाचेही असो, ओठ त्यांचेही हलत. दरवर्षी ते एकच गोष्ट बसवीत: नदीत कुऱ्हाड पडलेल्या प्रामाणिक लाकूडतोड्याची. एका वर्षी त्यांनी त्याला मिठागरातला मजूर केले आणि कुऱ्हाडीचे फावडे झाले. यंदा त्यांनी शेवटच बदलला. देवी लाकूडतोड्याला फक्त त्याची लोखंडी कुऱ्हाड परत देते आणि पडदा पडतो.

चाळीचे अध्यक्ष उसळले. "अहो कंपाउंडर, बक्षीसच नाही, तर पोरांनी खरं बोलायचं कशाला? सोन्याची कुऱ्हाड द्या, नाहीतर यंदा नाटक दुसरा कोणी बसवील!"

"हरवलेली मिळाली की त्याला. आणखी काय हवं?"

मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. बक्षीस ठेवले, तर माणूस सत्यासाठी खरे बोलला की सोन्यासाठी, हे सिद्धच होत नाही, असे मी ठामपणे मांडले.

"ताई, ही प्रयोगशाळा नव्हे," अध्यक्ष म्हणाले. "नवा शेवट ठेवायचा का, चाळीलाच विचारू. हात वर करा."

मोजणी माझ्याकडे आली. सगळे हात वर होण्यापूर्वी कंपाउंडर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, माझा हात मोजू नका. माझा यात स्वार्थ आहे."

मी आकडे मोठ्याने वाचले. विरोधात अठरा. बाजूने, त्यांचा हात वगळून, एकोणीस.