सात नंबरची बाटली

"हाऊ फ्रीज शे का मुतारी?" शालिनीवहिनी ओरडत होत्या. धुळ्याच्या देवपुरात त्या ओरडल्या की पांझरा नदीच्या पलीकडे, पार गल्ली नंबर पाचात लोक हातातला चहा खाली ठेवतात असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय आणि अजून कोणी खोडून काढलेलं नाही. उघड्या फ्रीजसमोर माझा मित्र दिनकर उभा होता, अंगात बनियन, चेहरा चोरी करताना पकडलेल्या मांजरासारखा. दह्याचं पातेलं, कोथिंबिरीची जुडी, आणि मध्ये झाकण लावलेल्या, नंबर चिकटवलेल्या पिवळ्या बाटल्या. "कॉलेजातला फ्रीज बंद पडलाय गं, एका दिवसाचा प्रश्न आहे," तो म्हणत होता. वहिनींनी माझ्याकडे वळून विचारलं, "अण्णा, तुम्हीच सांगा, कोणत्या बाईच्या संसारात गावातल्या म्हाताऱ्यांची लघवी असते?" मी गंभीरपणे म्हणालो, "वहिनी, नशीब समजा. हा गुडघ्यांवर संशोधन करत असता तर?"

दिनकरला जाऊन महिना होत आला, पण त्याची आठवण काढायला बसलो की आधी तो उघडा फ्रीजच दिसतो. तो धुळ्याला कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायचा, मी जळगावात पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतो. दोघं पारोळ्याकडच्या एकाच गावचे, एकाच बाकावरचे. त्याला पुस्तकं कळायची, मला जळकी मोटार वासावरून कळायची. निवृत्तीला आल्यावर माणसं देवाला लागतात, हा लघवीला लागला.

का लागला ते मला ठाऊक होतं. त्याचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, बांधावर लघवीला उभे राहिले की तिथेच राहायचे. आम्ही पोरं लांबून गाणी म्हणायचो, एक संपायचं, दुसरं संपायचं, आबा तिथेच. आम्ही हसून लोळायचो. आबांनी ते कोणाला सांगितलं नाही, ना बायकोला, ना वैद्याला. कंबर धरून खाटेवर पडले तेव्हा कुठे कळलं, आणि तोवर तो आजार हाडात उतरला होता... दिनकर मला एकदा म्हणाला होता, "अण्णा, आपल्याकडचा माणूस मरेल, पण त्या जागेची तपासणी करून घेणार नाही. रक्ताची तपासणी आहे, पण ती कधी उगाच घाबरवते, कधी गप्प बसते. मग त्याला न शिवता, न लाजवता कळायला नको का?"

मला त्याने ते माझ्या भाषेत समजावलं. प्रोस्टेट ही ग्रंथी म्हणजे मोटारीच्या पाइपाभोवतीचं पॅकिंग, वय झालं की फुगतं, धार बारीक होते. तेवढ्यावर भागलं तर बरं. पण कधी आत नको ते बिऱ्हाड येऊन बसतं. "गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की आपण त्याला काही विचारत नाही," तो म्हणाला, "पण त्याच्या उकिरड्यावरून कळतं ना, मटण खातात की मूग? कॅन्सरची पेशी वेगळं खाते, वेगळं टाकते. ते टाकलेलं लघवीत उतरत असणार. मला तो उकिरडा वाचायचाय." जळगावच्या प्रयोगशाळेत एक मोठं यंत्र होतं, त्याच्यातून कागदावर सुळक्यांची रांग निघायची, सातपुडा काढल्यासारखी. आजारी माणसाच्या सातपुड्यात कोणता सुळका जास्तीचा, हे तो आणि त्याची विद्यार्थिनी रेश्मा शोधत बसायचे.

आजाऱ्यांच्या बाटल्या दवाखान्यातून मिळत. अडचण होती धडधाकट म्हाताऱ्यांची. तुलनेला ते लागतात, आणि ते बाटली द्यायला तयार नव्हते. एक जण म्हणाला, "मास्तर, रगत ले, पैसा ले, पन हाई नही." त्याला करणीची भीती होती. शेवटी दिनकरने जी युक्ती काढली ती फक्त खान्देशातल्या माणसालाच सुचली असती. त्याने माझ्या शेतात भरीत पार्टी ठेवली. मला वाटलं, हे आमिष आहे. त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "प्रत्येकाच्या घरचं जेवण वेगळं, त्याने सुळके बदलतात. सगळ्यांनी संध्याकाळी एकच खाल्लं, तर सकाळी उरेल तो फरक माणसाचा."

मग काय, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली. इतकी, की भुसावळकडच्या लोकांना दीपनगरच्या वीजकेंद्राची आणखी एक चिमणी पेटली असं वाटलं असेल. लाकडी बडगीत मिरची-लसणासकट ठेचून, वर तेलाची धार, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. साठी ओलांडलेले आम्ही दहा-बारा जण, दिनकरसुद्धा त्यातच. तोही धडधाकटांत मोजला गेला होता. फक्त आमचा धान्यवाला शांतीभाऊ, जैन माणूस, दिवस मावळायच्या आत डब्यातली मुगाची खिचडी खाऊन बाजूला बसला होता. सकाळी उपाशीपोटी सगळ्यांनी एकेका झाडामागे जाऊन बाटल्या भरल्या. कोणती बाटली कोणाची, ते दिनकरलाही कळणार नव्हतं. नंबर मागाहून जळगावच्या प्रयोगशाळेच्या माणसाने चिकटवले, आणि नावं तिथल्या मोठ्या मॅडमकडे बंद होती. "मलाच माहीत असलं तर मी लबाडी करीन," तो म्हणाला.

पावसाळ्याआधी त्याचा फोन आला. "अण्णा, धडधाकटांतल्या सात नंबरच्या बाटलीत एक सुळका आहे... आजाऱ्यांसारखा." मी हातातली मोटार खाली ठेवली. "कोणाची?" "ते मला कळायचं नाही असंच ठरलंय. आणि खूण अजून पक्की नाही. मॅडम नावं उघडत नाहीत." त्या आठवड्यात आमच्या टोळक्यातला प्रत्येक जण मोरीत जाऊन स्वतःच्या धारेकडे बघत होता. शेवटी दुकानात बसलो असताना मीच मांडीवर थाप मारली. "अरे, शांतीभाऊची खिचडी! आपण सगळ्यांनी वांगी खाल्ली, त्याने मूग. तोच सुळका!" सगळे इतके हसले की समोरचा पंक्चरवाला बघायला आला. शांतीभाऊही हसला, "म्हणजे माझा धर्म पण त्या मशीनला दिसतो म्हणा!" दिनकरला फोन लावून सांगितलं. तोही हसला, पण थोडा थांबून. म्हणाला, "असेल. तरी पुन्हा एकदा सगळ्यांच्या बाटल्या हव्यात." मग आम्हाला एकाएकी लग्नं निघाली, बारशी निघाली, कोणाला मुक्ताईनगरला दर्शनाला जायचं होतं. भीतीला शंभर कामं सुचतात. तो मागत राहिला, आम्ही टाळत राहिलो.

दिवाळीनंतर त्याचीच कंबर धरली. मी धुळ्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तपासण्या होऊन गेल्या होत्या. प्रोस्टेट, आणि हाडात. आबांचंच सगळं... मी तोंड उघडून काहीतरी फेकणार होतो, यमाची मोटार कशी जाळू वगैरे, पण त्याची उशी सारखी करत बसलो. त्याने वहिनी बाहेर गेल्याचं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "दोन वर्षं त्रास होता रे. मी बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहायचो. हिला ऐकू जाऊ नये म्हणून." मी म्हणालो, "अरे, तू तर... तू तर गावभर..." "हो ना," तो म्हणाला. "दुसऱ्यांच्या बाटल्या मागत फिरलो. लाज वाटली, अण्णा. आबांसारखीच." माझा हात त्याने धरला होता. भीती त्याला जास्त होती की मला, सांगता येणार नाही.

त्यानंतर तो फार टिकला नाही. आणि आता जे लिहितो त्यात तिखटमीठ नाही. अमरधामात मी ढसाढसा रडलो, पण रडता रडता आत कुठेतरी हायसं वाटत होतं. सात नंबरची बाटली दिनकरची, हे आता उघड झालं होतं. मी घरी आलो, अंघोळ केली आणि कित्येक महिन्यांनी गाढ झोपलो. टोळक्यातल्या सगळ्यांचं तेच. सगळ्यांचे चेहरे कसे सैलावले होते. सगळ्यांच्या वाट्याची बाटली जणू त्यानेच उचलून नेली.

गेल्या आठवड्यात रेश्मा दुकानात आली. हेल्मेट मांडीवर घेऊन, मोटारींच्या सांगाड्यांमध्ये स्टुलावर बसली. सर गेल्यामुळे मॅडमनी काम आवरायचं ठरवलं आणि नावं उघडली, म्हणाली. मी तिला चहा मागवला आणि तिने काही सांगायच्या आत मीच म्हणालो, "सात नंबर त्याचीच ना? मला पक्कं माहीत आहे." तिने नाही म्हणून मान हलवली. "सरांच्या बाटलीत काहीच दिसलं नाही काका. त्यांचा आजार आमच्या खुणेला कळलाच नाही." इतकी वर्षं खपला, आणि स्वतःच्याच बाटलीने त्याला फसवलं... मी घाईघाईने शांतीभाऊची खिचडी पुढे केली. ती म्हणाली, खिचडीचे सुळके निराळे असतात, ते त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखून बाजूला ठेवले होते. म्हणजे फोनवरचं दिनकरचं ते "असेल" फक्त आमच्या धीरासाठी होतं. मग म्हणाली, खूण पक्की नाही, सरांच्या बाबतीत तर चुकलीच, पण तरी डॉक्टरांना दाखवलेलं बरं. चहा आला. मी कप तिच्यापुढे सरकवला, हसलो, आणि जमेल तितक्या मोठ्या आवाजात विचारलं, "मग काय, आमच्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या दारोदार हेच सांगत फिरतेयस का?"

"नाही काका," ती म्हणाली. "फक्त तुमच्याकडे आले."