शांती समितीचा दुसरा पक्ष

शांततेचंही शिक्षण असतं म्हणे! गंधाली ते मिशनऱ्यांच्या कॉलेजात घेत होती, आणि सदर बाजारातल्या नातेवाइकांनी तिची टिंगल करून करून जीव नकोसा केला होता. "पोट्टी शांती शिकून राहिली, आता घरात तरी भांडू नको!"

तिचे प्राध्यापक फादर शिशिर वर्गात एकच गोष्ट घोटून घ्यायचे: समेट म्हणजे आधी दोन्ही पक्षांचं ऐकणं. वा! कॉलेजच्याच कँटीनमध्ये पोळ्या लाटणारी इंदू चर्चला जाते, म्हणून भनपुरीच्या पाऱ्यात, म्हणजे तिच्या वस्तीत, तीन आठवडे तिला बोरिंगवर पाणी भरू देत नव्हते. गंधालीनं सांगितलं, तर हेच फादर म्हणाले, "बेटा, कॉलेज का नाम मत आने देना." घ्या! ऐकणं गेलं चुलीत.

गंधालीचे बाबा श्यामकांत, रेल्वेतून निवृत्त झालेले, त्याच पाऱ्याच्या शांती समितीचे सचिव. अक्षर मोत्यासारखं, आवाज खणखणीत. बैठकीचा वृत्तांत आपणच लिहायचा, सह्या घ्यायच्या आणि शेवटी उभं राहून, सही करणाऱ्यांच्या नावांसकट सगळा वाचून दाखवायचा, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा थाट. रविवारी इंदूच्या पाण्यावरून बैठक भरली. समोसे झाले, चहा झाला, आणि बाबांनी लिहिलं: दोनों पक्ष राजी, मामला समाप्त.

"बाबा, इंदूदीदी बाहेर ओट्यावर बसलीय. तिला विचारलं कोणी?"

"तिले काहून बोलवायचं? आली का रडत बसते. तू शांती शिकून राहिली ना? कर सही, गवाह म्हणून."

गंधालीच्या अंगाचा तिळपापड झाला. पाणी तोडणारे आत बसून समोसे हाणतात आणि जिचं पाणी तोडलं ती बाहेर! लाज कशी वाटत नाही या माणसांना? वर सही तिची पाहिजे! तिनं रजिस्टर ओढलं, सहीच्या जागी एक ओळ लिहिली आणि मिटून परत दिलं.

बाबा उठले. स्वतःचंच लिखाण, त्यात आधी काय बघायचं? सवयीनं वाचत सुटले: "...मामला समाप्त. दूसरा पक्ष बाहर बैठा है, उसे किसी ने बुलाया नहीं." तोंडातून निघून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय वाचलं ते.

बाहेर इंदूनंही ऐकलं होतं. रिकामा हंडा उचलून ती आत आली, बाबांच्या पुढ्यात रजिस्टरवरच ठेवला आणि म्हणाली, "हव साहेब, मैं हंव दूसरा पक्ष. अब पूछव."