पुसलेली स्मरणिका

माझी एक खोड आहे. एखादी गोष्ट मला पटली की ती शेजारच्याला पटेपर्यंत मला चैन पडत नाही. लग्नानंतर मी चहातली साखर सोडली, तेव्हा बायकोलाही सोडायला लावली होती. ती बिचारी दर रविवारी माहेरी, निर्मळला, जाऊन गोड चहा पिऊन यायची, हे मला फार उशिरा कळलं. त्यामुळे लिनक्स आणि ताओ एकाच वर्षी माझ्या हाती लागले, तेव्हा घरावर काहीतरी येणार हे मीच ओळखायला हवं होतं.

ताओ आला ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून. निवृत्त होताना त्याने टेबलाचा खण रिकामा केला आणि त्यातलं एक पातळ इंग्रजी पुस्तक मला दिलं. जुन्या चिनी माणसांचा विचार होता. कशावरही जोर करू नका, गोष्टी आपल्या वेळेने होऊ द्या, पाण्याकडून शिका. माझ्यासारख्या चिडक्या माणसाला ते वाचून गार वाटलं. लिनक्स आलं संगणकाच्या एका मासिकाबरोबर, सीडीवर. विंडोजसारखंच संगणक चालवणारं, पण जगभरच्या अनोळखी माणसांनी मिळून लिहिलेलं. आत काय आहे ते उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, कुणी विचारणार नाही. मला वाटलं, अरे, हा तर ताओच! मालक नाही, कुलूप नाही, आणि तरी काम चाललंय. मग काय, जिन्यात, भाजीवाल्यापाशी, जो भेटेल त्याला मी हेच ऐकवायला लागलो. वसईच्या एव्हरशाईन सिटीत आमच्या सोसायटीत तेव्हा पाणी टँकरने यायचं. माणसाने पाण्यासारखं असावं, असं मी एकदा टँकरपाशी म्हणालो, तर खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "म्हणजे दोन दिवसांआड यायचं का?"

घरात संगणक एकच होता, आणि तो खरा तिचा होता. मुलगी शाळेत जायला लागल्यावर बायकोने डीटीपीचा क्लास केला आणि घरी कामं घ्यायला लागली. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, तेराव्याची पत्रं, चर्चच्या नोव्हेनाची, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेची पत्रकं. किनाऱ्याकडच्या गावांतली माणसं मुद्दाम वसई पूर्वेला आमच्याकडे यायची, कारण तिला त्यांच्या घरातले खाचखळगे ठाऊक असायचे. निमंत्रकांमध्ये थोरल्या चुलत्याचं नाव धाकट्याच्या खाली गेलं तर पुढची दहा वर्षं दोन घरांत बोलणं बंद, हे ती जाणून होती. गिऱ्हाइकाने आणलेला कागद वाचून ती विचारायची, "मावशीबाई राहिल्या ना?" आणि समोरचा जीभ चावायचा. या कामात ती माझ्यापेक्षा किती तरी शहाणी होती. मला ते दिसत होतं, पण मी ते कधी तोंडाने बोललो नाही.

मग तिला मोठं काम मिळालं. अर्नाळ्याच्या अलीकडच्या एका गावातल्या वाचनालयाला पन्नास वर्षं होत होती, त्यांची स्मरणिका. वाचनालयाचे चिटणीस निवृत्त शिक्षक होते, कोळी समाजातले. ते कापडी पिशवीत गावकऱ्यांचे हाती लिहिलेले लेख घेऊन आले. त्यांत तिच्या आत्याचाही एक लेख होता, वाडीतल्या जुन्या विहिरीवरचा. चार महिने ती रोज दुपारी बसून एकेक लेख टाइप करायची, पानं लावायची, न कळलेलं अक्षर विचारायला लेखकाच्या घरी जाऊन यायची. "शेवटच्या पानावर माझं नाव येणार आहे," ती म्हणाली. "ते आलं की स्टेशनजवळ एखादा गाळा बघायचा. मला माझं दुकान हवंय." इतकं सरळ तिने माझ्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं.

मला मात्र खटकत होतं ते वेगळंच. तिच्या मशीनवरची विंडोज आणि तिचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, दोन्ही दुकानदाराने तसंच टाकून दिलेलं, परवान्याशिवाय. तेव्हा घरोघरी असंच असायचं. मी म्हणायचो, "चोरीच्या भांड्यात नैवेद्य शिजवतेस."

"मग विकत आणून द्या की."

"विकत कशाला? मुक्त मिळतंय ना."

"फुकट ते पौष्टिक!" ती हसायची. एकदा मात्र हसणं थांबवून म्हणाली, "अहो, एवढी स्मरणिका होऊ द्या. दीड महिना राहिलाय. मग मशीनचं काय करायचं ते करा." मी हो म्हणालो. दर महिन्याला ती मला आणखी एक गोष्ट सांगायची, की ऑफिसात सीडी लिहायचं यंत्र आहे ना, माझं काम एकदा सीडीवर घालून आणा. त्यालाही मी हो म्हणायचो.

तिच्या भावाच्या मुलाचं बारसं होतं. ती मुलीला घेऊन तीन दिवस निर्मळला गेली. मी रविवारी जेवायला जाणार होतो. रविवारी सकाळी मी चहा घेतला, मासिकातली सीडी काढली आणि मशीनमध्ये घातली.

आता जे लिहितो आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पडद्यावर प्रश्न आला होता. डिस्कवर आधीचं काहीतरी आहे, त्याचं काय करायचं? एक पर्याय होता, ते तसंच ठेवून उरलेल्या जागेत बसायचं. त्यासाठी आधी जुना भाग आवळून जागा करावी लागली असती. मासिकात ती कृती पानभर दिली होती, आणि मी ती वाचली होती. दुसरा पर्याय होता, सगळं पुसायचं. मी पाच-दहा मिनिटं त्या प्रश्नासमोर बसलो. मनात आलं, दोन्ही ठेवलं तर ही कधीच लिनक्सकडे येणार नाही. स्मरणिका झाली की पत्रिकांचा हंगाम येईल, मग आणखी काही. भांडं आधी रिकामं व्हायला हवं, असंही मी स्वतःला सांगितलं. त्या पुस्तकातला रिकामेपणा मी असा वापरला. स्मरणिकेच्या फ्लॉप्या आहेत, असंही म्हणालो. पण कोणत्या, किती, हे उठून बघितलं नाही. दुसऱ्या पर्यायावर जाऊन मी बटण दाबलं. मग आंघोळ करून बारशाला गेलो आणि दोन वेळा श्रीखंड घेतलं.

फ्लॉप्या निघाल्या सात. त्यांतल्या तीन वसईच्या दमट हवेत बुरशी येऊन बाद झालेल्या. उरलेल्यांवर पहिले काही लेख होते, तेही अशा फाँटमध्ये की त्या सॉफ्टवेअरशिवाय नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. ऑफिसातला एकजण म्हणाला, डिस्कला हात लावला नसतास तर थोडंफार निघालं असतं. तोवर मी त्यावर दोन वेळा नवं काही ना काही घालून बसलो होतो.

ती आली, खुर्चीवर बसली, नवा पडदा बघितला. "माझं कुठे आहे?" तिने विचारलं.

"चुकून गेलं," मी म्हणालो. "इन्स्टॉल करताना त्याने आपोआप पुसलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कीबोर्ड पुढे ओढून पत्रिकेची नेहमीची पहिली ओळ लिहून बघितली, श्री कुलस्वामिनी प्रसन्न. तेव्हा लिनक्सला मराठी धड येत नव्हतं. जोडाक्षरं फुटलेली, वेलांटी भलत्याच अक्षराला लागलेली. मोडक्या बाकावर बसवलेल्या मुलांसारखी ती ओळ वाकडीतिकडी दिसत होती. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," एवढंच ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हेही म्हणायला हवं होतं. ते तिने मला कधीच म्हटलं नाही.

दुकानदाराकडून तेच जुनं सॉफ्टवेअर पुन्हा घालून घेऊन तिने पहिल्यापासून टाइप करायला घेतलं. मानेला पट्टा लावून बसायची. मी भांडी घासायचो, मुलीचा अभ्यास घ्यायचो, आणि या प्रायश्चित्ताचं मला बरंही वाटायचं, हे लिहायला लाज वाटते. निम्मं झालं असेल नसेल, चिटणीस आले. दारातच उभे राहिले. "बाय, रागवू नको. कारेक्रम तोंडावर आलाय. कमिटीवाले ऐकत नाय, कोन थांबनार? पानी डोक्यावरशी गेलं आता." तिने लेखांची पिशवी नीट क्रम लावून त्यांच्या हातात दिली. पाणी घेता का, विचारलं. ते नको म्हणाले.

स्मरणिका पश्चिमेच्या एका छापखान्यातून निघाली. आत्याने एक प्रत पाठवली. शेवटच्या पानावर छापखान्याचे आभार होते. तिने ते पान वाचलं, मग आत्याच्या लेखातल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि प्रत कपाटात साड्यांखाली ठेवली. गावाकडची गिऱ्हाइकं हळूहळू कमी झाली. पुढच्या वर्षी ती नालासोपाऱ्याला एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंगला लागली. गाळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी लिनक्स सोडलं नाही, त्याच डिस्कच्या एका कोपऱ्यात ठेवलं. सोडलं असतं तर कबूल केल्यासारखं झालं असतं. पण चार माणसांत त्यावर बोलायचं मात्र बंद केलं. चिनी पुस्तक वाचलं की प्रत्येक पान माझ्यावरच लिहिल्यासारखं वाटायचं, म्हणून तेही कपाटावर ठेवून दिलं.

चार-पाच वर्षं गेली. एक दिवस लिनक्सची नवी आवृत्ती घातली, आणि बघतो तर मराठी सरळ दिसत होतं. कुठल्या कुठल्या माणसांनी सावकाश, न सांगता, ते काम करून ठेवलं होतं. मी फक्त बसून राहिलो असतो तरी ते माझ्या दारी आलंच असतं. ती दुकानातून आली तेव्हा मी तिला बोलावलं. पर्स खांद्यावर तशीच ठेवून तिने उभ्यानेच लिहिलं, श्री कुलस्वामिनी प्रसन्न. एकही अक्षर फुटलं नाही.

"छान आहे," ती म्हणाली. "थांबायला हवं होतं हो आपण."

"आपण?"

"नाहीतर काय. चूक काय तुमच्या एकट्याची होती? काम सीडीवर घालायला मी तुमच्या मागे लागत बसले. स्वतः जाऊन बाहेरून करून आणायला काय झालं होतं मला?" ती पर्स काढून ठेवत होती. "किती वर्षं हेच मनात येतं. मशीनने पुसलं ते पुसलं, पण मीच सांभाळलं नाही."

बटण मीच जाणूनबुजून दाबलं, हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण मी गप्प बसलो. गोष्टींवर जोर करू नये, हे शिकून मी एवढंच शिकलो होतो. ती हातपाय धुवायला गेली आणि मी ती ओळ पडद्यावर तशीच ठेवून उठलो.

आता मी थोडंफार लिहितो, आणि माझं लिहिलेलं पहिल्यांदा तीच वाचते. शुद्धलेखन माझं कच्चं आहे. रोज सकाळी चहा झाला की ती त्याच खुर्चीत बसते, मी काल काय लिहिलं ते उघडते, पेन्सिल कानावर ठेवून वाचते. उद्या सकाळी तिला ही फाइल उघडावी लागेल. पडद्यावर सगळ्यांत वर ठेवली आहे.